नलूच्या भिंती, माझी कात्री

नलू, तुझ्या प्रदर्शनाचं उद्घाटन शनिवारी झालं. निमंत्रणपत्रिकेत सहा छापलं होतं, म्हणून मी साडेपाचलाच निशातगंजच्या त्या शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये हजर होते. सातला पहिला पाहुणा जिना चढून आला, "अरे, अभी शुरू नहीं हुआ?" म्हणाला आणि समोसा घेऊन खिडकीत उभा राहिला. पस्तीस वर्षं उत्तरेतल्या या शहरात काढून मी अजून सहा म्हणजे सहाच समजते, आणि पस्तीस वर्षं तू मला त्यावरून हसलीस. शनिवारी हसायला कोणी नव्हतं. मी पर्स मांडीवर घेऊन एकटीच खुर्चीवर बसले होते आणि तुझ्या एकोणीस भिंती माझ्याभोवती टांगलेल्या होत्या.

भिंती उतरवलेल्या पारदर्शक फिल्मपैकी दोन तिरक्या लागल्या होत्या. मला ते बघवेना. स्टुलावर चढून मी त्या सरळ करायला घेतल्या, तेवढ्यात तुझी लेक मित्रा धावत आली. "मावशी, रहने दीजिए, आई ने टेढ़ी ही मार्क की है." मागे बघितलं तर खरंच तुझ्या पेन्सिलीचे बारीक बाण होते आणि कोन अंशांत लिहिलेला. त्या क्वार्टरची भिंतच खचली होती म्हणे. मी मुकाट्यानं त्या पुन्हा तिरक्या केल्या. मित्रा माझ्याकडे बघून थोडी हसली. मला मात्र तिच्या डोळ्याला डोळा देता येईना, कारण तिला जे सांगायचं होतं ते पोटात ठेवून मी दिवस काढत होते.

ते तुलाही माहीत नाही. तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि तुला सांगायचं राहून गेलं. आता आडवळणं घेत नाही. भिंतींचं जे अकरा तासांचं रेकॉर्डिंग तू माझ्या हवाली केलंस, त्यातला तुझा आवाज मी कापून टाकला. सगळा. एक शब्दही शिल्लक नाही. यंत्र बिघडलं नाही, वीज गेली नाही, कोणी फसवलं नाही. मी शांत डोक्यानं, चष्मा पुसून, चार दिवस बसून ते काम केलं.

आपली ओळखच मुळी कापण्यावरून झालेल्या भांडणात झाली होती, आठवतंय? तू रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, नागपूरहून आलेली. मी चाचणी विभागात नवी इंजिनिअर, सांगलीची, नाकानं कांदे सोलणारी. आमचं काम म्हणजे धावत्या डब्यात सेन्सर लावायचे आणि रुळावरून जाताना डबा किती हादरतो त्याचे आलेख काढायचे. असा एक आलेख मी तुझ्याकडे शाईनं ट्रेस करायला पाठवला होता. तू तो अक्षरशः जसाच्या तसा उतरवून दिलास, मधल्या एका फालतू उंचवट्यासकट. मी तरातरा आले आणि म्हणाले, "अहो, हे काढायचं नव्हतं. डब्यात कोणाचा तरी टिफिन खाली पडला, त्याचा हादरा आहे हा. याला आम्ही खरखर म्हणतो. खरखर काढून टाकायची असते."

तू मान वर न करता विचारलंस, "पण टिफिन पडला होता नं?"

"पडला होता."

"मंग राहू द्या नं. पडला होता तर आहेच तो."

साहेबांनी तो उंचवटा खोडायला लावला. तू ब्लेड घेऊन शाई इतकी हलकेच खरवडलीस की कागदावर खूणसुद्धा राहिली नाही. पण माझ्याकडे असं बघितलंस की मी दुसऱ्या दिवशी डब्यात थालीपीठ घेऊन तुझ्या टेबलाशी गेले. तिथून आपलं 'अहो-जाहो' संपलं.

पुढं मानक नगरला आपल्याला लागून लागून क्वार्टर्स मिळाली. मी चाचणीसाठी आठ-आठ दिवस डब्यात राहायची, तेव्हा माझा अभय तुझ्याकडे जेवायचा, तुझ्याकडेच झोपायचा. पाटवडीचा रस्सा तो अजून "नलू मावशीचा" म्हणूनच मागतो. त्याचे शाळेचे नकाशे तू काढून दिलेस आणि मास्तरांनी ते छापील समजून त्याला शिक्षा केली. तुझे यजमान गेले तेव्हा मित्रा सात वर्षांची होती. त्या वर्षी तू एकदाही रजा वाढवून घेतली नाहीस. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आणि तुझ्या घराची माझ्याकडे असायची. हे सगळं मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, भांडायची होती.

रिटायर झाल्यावर तू विकास नगरला गेलीस, मी आलमबागला. शहराची दोन टोकं. तरी महिन्यातून दोनदा भेट ठरलेली. अशाच एका भेटीत तू सांगितलंस की मानक नगरची आपल्या वेळची जुनी क्वार्टर्स रिकामी झालीत आणि आता पाडणार आहेत. तू ऑफिसात जाऊन परवानगीचं पत्र घेऊन आली होतीस. रिकाम्या घरांच्या भिंतींवर ट्रेसिंग फिल्म चिकटवायची आणि त्यांवरच्या भेगा, ओल, खिळ्यांची भोकं, मुलांची उंची मोजलेल्या रेघा, सगळं शाईनं खऱ्या मापात उतरवून घ्यायचं, असा तुझा बेत.

"हे कोण बघणार?" मी विचारलं.

"भिंती पडून राहिल्या, शैले. कोणी तरी शेवटलं माप घ्यायला पाहिजे का नाही?"

प्रदर्शनाचं नावही तू रेल्वेच्या भंगार-लिलावाच्या नोटिशीतून उचललंस: 'जैसा है, जहाँ है'. मला ते विनोदी वाटलं होतं. आता वाटत नाही.

मग ज़ोया आली. ती तुझ्या शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी, संगीत शिकलेली, पण वाद्य वाजवण्यापेक्षा त्याला खाजवते जास्त, असं मी म्हटलं होतं आणि तू मला चिमटा काढला होतास. तिनं तुला एक छोटा रेकॉर्डर दिला. तू फिल्मवर भिंत उतरवत असताना तो भिंतीला टेकवून ठेवायचा. पेन्सिलीनं भिंतीवर टकटक करायची. पोपडे पडतील, पाइपातनं हवा जाईल, शेजारच्या लायनीत हातोडे पडतील, ते सगळं त्यात यायचं. उद्घाटनाच्या दिवशी ज़ोया त्याच आवाजांवर तिथल्या तिथे संगीत करणार होती.

पहिल्या दिवशी मी तुझ्याबरोबर आले होते. तू रेकॉर्डर लावलास आणि बोलायला लागलीस. "क्वार्टर नंबर चौदा. मोरी. उत्तरेकडची भिंत. इथं शर्मा आंटी साबण ठेवायची." मग टकटक. मग पुन्हा काहीतरी. मी हातवारे करून तुला गप्प करायला बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "नलू, बोलू नकोस मध्ये, रेकॉर्डिंग खराब होतंय." तू पेन टोपणात घातलंस आणि म्हणालीस, "तुले जे खराब वाटून राहिलं, त्याच्यासाठीच तं आली मी इथं." मला राग आला. परत काही मी तिकडे फिरकले नाही. पुढच्या अठरा भिंती तू एकटीनं काढल्यास.

एवढं स्पष्ट सांगितलं होतंस तू. पालथ्या घड्यावर पाणी.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तू मला रेकॉर्डरमधलं कार्ड आणून दिलंस. "शैले, हे कोणती भिंत कुठे हाये तेवढं लावून दे. ज़ोयाला सापडणार नाही." बस, एवढंच काम होतं. पण माझ्या हातात आलेख आला, नलू, आणि मी तीस वर्षं जे केलं तेच केलं. प्रत्येक फाईल उघडली. त्यात टकटक कुठे, पाइप कुठे, हातोडा कुठे, ते वेगळं केलं. तू बोलत होतीस ते सगळं कापलं. प्रत्येक भिंतीचं नाव, खोली, दिशा, तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, असा सुबक तक्ता केला. अकरा तासांचे अडीच तास झाले. मला फार बरं वाटलं. शेवटी ते कार्ड फॉरमॅट केलं, कारण आमच्या विभागात दुसऱ्याचं कार्ड भरलेलं परत द्यायचं नाही, अशी शिस्त होती. आणि मूळ फाईली माझ्या कॉम्प्युटरवरूनही काढल्या, कारण कच्चा माल ठेवून घोळ होतो हे मीच नव्या पोरांना शिकवत असे.

त्यानंतर दोनच दिवसांनी तू तापानं पडलीस. पाचव्या दिवशी प्लेटलेट घसरल्या, सहाव्या दिवशी ती काचेची खोली. मी काचेबाहेर उभी होते. तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या आणि तू माझ्याकडे बघून दोन बोटं हलवलीस. मला वाटलं पाणी मागतेस. नर्सला सांगितलं, ती म्हणाली, "पानी नहीं दे सकते, माताजी." मग तू डोळे मिटलेस. एवढंच. याच्या पुढं लिहायला माझ्याकडे काही नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मित्रा पांढरी साडी नेसून बसली होती, भंतेजींच्या मागून पाली म्हणताना अडखळत होती. कार्यक्रम झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मावशी, आपके फ़ोन में आई का कोई वॉइस मेसेज है क्या?" मी शोधलं. नव्हता. तू कायम टाइप करायचीस. भेगांचे फोटो आणि खाली 'बघ'. मित्राकडेही एकच व्हिडिओ निघाला, तिच्या लग्नातला, आणि त्यात तू कॅमेऱ्याकडे बघून नुसता हात हलवतेस. मित्रा म्हणाली, "कोई बात नहीं. ओपनिंग में तो सुनेंगे ना. आई ने बोला था, मैं बोली हूँ उसमें." प्रदर्शन पुढं ढकलायचं का, म्हणून सगळे विचारत होते. तिनं तेवढ्यासाठी ढकललं नाही.

तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. कळलंही. पण मी मूग गिळून घरी आले.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी ज़ोयाचा फोन आला. "आंटी, नलिनी आंटी की आवाज़ किस फ़ोल्डर में है?" मी म्हणाले, "नहीं है. मैंने काट दी." मग कार्ड घेऊन ती दुकानोदुकानी फिरली. पुसलेलं परत काढून देणारे लोक असतात म्हणे. पण मधल्या दिवसांत तिनं त्याच कार्डावर चौकात जाऊन चिकनच्या भरतकामासाठी कापडावर ठप्पे मारणाऱ्यांचे आवाज भरले होते, तासन् तास. दुकानदारानं खूप खटपट केली. निघाले ते फक्त ठप्पे. तिनं मला दोष दिला नाही. फक्त म्हणाली, "मित्रा दीदी को आप ही बताइएगा, आंटी. मुझसे नहीं होगा." मी चार दिवस रोज फोन हातात घेतला आणि रोज खाली ठेवला. रुळांवरून ताशी एकशे तीसच्या वेगानं डबा पळवताना मला भीती वाटली नव्हती. तुझ्या लेकीचा नंबर लावायची वाटली.

तर शनिवार. साडेसातला हॉल भरला. ऑफिसातली जुनी माणसं आली होती, तुझ्या विहारातल्या बायका होत्या, कॉलेजची पोरं होती, आणि एक गृहस्थ होते ते खालच्या शिंप्याकडे सदरा न्यायला आले होते आणि वर चढले. दिवे मालवले. तुझ्या फिल्मच्या मागे बारीक बल्ब लागले आणि भेगा उजळल्या. काय काम केलंस गं! इतकी वर्षं त्या भिंतींत राहून मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. आमच्या ऑफिसातला गुप्ता एका फिल्मसमोर उभा राहून म्हणाला, "ये मेरा बाथरूम है," आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

ज़ोयानं फिल्मच्या कडांना छोटे माइक चिकटवले होते. तिच्यासमोर लॅपटॉप, पत्र्याचा एक तुकडा आणि त्यावर ओढायला धनुकली. बाजूला एक वयस्कर सारंगीवाले, ते पूर्ण वेळ एकाच तारेवर राहिले. पहिली काही मिनिटं मला वाटलं कुठंतरी नळ गळतोय. मग लक्षात आलं, ती तुझी टकटक आहे. ती एका बाजूनं सुरू झाली, दुसरीकडून तिला उत्तर आलं, मग पाइपातला हवेचा हुंकार, मग हातोडे लांबून, आणि सारंगी त्यांच्या मागे एकाच सुरात धरून ठेवलेली. मला संगीतातलं काही कळत नाही. पण घर पडताना आत कोणी असतं तर त्याला असंच ऐकू आलं असतं, एवढं कळलं.

आणि प्रत्येक भिंतीच्या आधी ज़ोया हात वर करून थांबायची. दहा-बारा सेकंद. काही वाजायचं नाही. तिथे तू होतीस. भिंतीचं नाव तू सांगणार होतीस, आणि ज़ोयानं ती जागा तशीच रिकामी ठेवली होती. लोकांना वाटलं ती कलाच आहे. माझ्या शेजारचे एक साहेब हळूच म्हणाले, "क्या ख़ामोशी है, साहब. कितना साफ़ काम है." माझं काम ते.

मित्रा पुढच्या ओळीत बसली होती. प्रत्येक वेळी ज़ोयाचा हात वर गेला की ती मान उचलायची. पुन्हा टकटक सुरू झाली की मान खाली. एकोणीस वेळा. मी मागून बघत होते आणि मला उठून ओरडावंसं वाटत होतं की पोरी, वाट बघू नकोस. मी खुर्चीची कड धरून बसून राहिले.

टाळ्या झाल्या, चहा झाला, लोक पांगले. मित्रा खुर्च्या एकावर एक रचत होती. मी जवळ गेले तर तिनंच विचारलं, "मावशी, आई बोली क्यों नहीं?"

"मी कापलं, मित्रा. मला वाटलं ते नको असेल. खरखर वाटली मला."

"पूरा?"

"पूरा."

"बैकअप?"

"नाही."

ती रडली नाही, चिडली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं रचलेली एक खुर्ची परत खाली ओढली, मला तिच्यावर बसवलं, आणि स्वतः समोर फरशीवर बसली. मग पदरानं चेहरा पुसला, फोन काढला, रेकॉर्डिंगचं लाल बटन दाबलं आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला.

"अच्छा, ठीक है. पर काटने से पहले आपने तो सुना होगा ना? सब? तो आप बताइए. क्या-क्या बोलती थी आई? जैसे बोलती थी वैसे ही बोलिए, नागपुर वाली मराठी में. मुझसे वैसी आती नहीं."

फोनवर सेकंद पुढं सरकत होते. आणि मला तिला सांगावं लागलं की मी ऐकलेलं नाही.

नलू, आमच्या आलेखांना आवाज नसतो. रुळांचे हादरे बघायचे असतात. तीस वर्षं मी पडद्यावर रेघ बघून सांगत आले की हा जोड, हा पूल, ही खरखर. तुझ्या फाईलीही मी तशाच उघडल्या, स्पीकर बंद ठेवून. त्याची गरजच वाटली नाही. टकटक टाचण्यांसारखी उभी दिसते. बोलणं झुपक्या-झुपक्यांनी दिसतं. झुपका दिसला की कापायचा. भिंतींची नावं तर तुझ्या वहीतून तक्त्यात घेतली. साडेआठ तास तू बोललीस, आणि ते ज्या एका माणसाच्या हातून गेलं, त्यानं कापताना त्यातला एक शब्द ऐकला नाही.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत फोन तसाच धरून ठेवला होता. मग ती एवढंच म्हणाली, "अच्छा." मग उठली आणि उरलेले समोसे एका पिशवीत भरून माझ्या हातात दिले. मी ते घेतले. मेट्रोत मांडीवर ती पिशवी घेऊन आलमबागपर्यंत आले. दुसरं काय करणार होते?

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. ती तुझ्या-माझ्यातली आहे.

एकोणिसावी फिल्म. खाली तुझ्या अक्षरात लिहिलंय: 'स्वयंपाकघर, पश्चिमेची भिंत, शैलाच्या बाजूनं.' आपल्या दोन घरांमधली भिंत. तुझं स्वयंपाकघर तिच्या पलीकडे, माझं अलीकडे. शेवटची भिंत म्हणून तू ती काढलीस, आणि काढायला माझ्या घरात येऊन बसलीस.

अर्ध्या विटेची भिंत होती ती. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायची. मग त्या संक्रांतीला माझ्या स्वयंपाकघरात काय बोललं गेलं, ते तुला ऐकू गेलं नसेल, असं मी तीस वर्षं कशावरून धरून चालले? सासूबाई आल्या होत्या. कॉलनीतल्या झाडून सगळ्या मराठी बायका हळदीकुंकवाला बोलावल्या होत्या, तुला सोडून; तुझे यजमान तेव्हा हयात होते, तरी. मी यादी करताना विचारलं होतं, "नलूला?" आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "एरवी येते-जाते ते ठीक आहे. आज तिला नको." मी यादी पुढं लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे तिळगूळ घेऊन आले आणि म्हणाले, "तुमच्यात नसतं ना गं हळदीकुंकू, म्हणून..." तू म्हणालीस, "हो नं, नसतं." तिळगूळ खाल्लास. अभयला त्या दिवशीही जेवायला ठेवून घेतलंस. तो विषय आपण पुन्हा काढला नाही. प्रत्येक गोष्टीवर भांडणाऱ्या आपण दोघी, त्या एकाच गोष्टीवर कधी भांडलो नाही.

एकोणिसाव्या फाईलमध्ये टकटक फार थोडी होती. बाकी बोलणं. बावीस मिनिटं, सलग. मला आकार नीट आठवतो, कारण कापायला सगळ्यांत सोपी फाईल ती होती. सुरुवातीला बारीक झुपके, मग लांब रिकामी जागा. मग एक उंच झुपका, तू आवाज चढवला असशील. मग पुन्हा रिकामी जागा. मग शेवटी पुष्कळ वेळ एकसारखं, हळू बोलणं. मी दोन टोकांना खूण केली आणि मधलं एका झटक्यात उडवलं. शिव्या दिल्यास का मला? द्यायलाच हव्या होत्यास. की माफ केलंस? की नुसतं सांगत होतीस की या कोपऱ्यात शैलाचा स्टोव्ह होता, इथं तिचं दूध ऊतू जायचं? मला या जन्मी कळणार नाही.

मी फाईली ज़ोयाला मेल केल्या, त्याच दिवशी दुपारी तुझा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते, फोन खांद्याशी धरून बोलत होते. कामाची चौकशी करशील असं वाटलं, पण तू ज़ोयाचं नावही काढलं नाहीस.

"शैले, ऐकलं तू सगळं?"

"हो गं."

"आखरीचं पण?"

"आखरीचं पण."

तू थांबलीस. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली होतीस, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटलं नेटवर्क गेलं. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. तू होतीस, श्वास ऐकू येत होता. मग म्हणालीस, "बरं. तुले काही बोलायचं नसंल तं राहू दे," आणि फोन ठेवलास.